कोम्बुचा केगमध्ये भरताना हवा कशी टाळायची: गावाकडच्या घरासाठी सविस्तर पद्धत

कोम्बुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबटसर पेय. त्याची बरणी फडक्यानं झाकायची, घट्ट झाकण लावायचं नाही, हे प्रत्येक कृतीत सांगितलेलं असतं. आत हवा जायला पाहिजे म्हणून. मात्र तयार झालेला कोम्बुचा बरणीतून केगकडे, म्हणजे दाब सोसणाऱ्या स्टीलच्या बंद पिंपाकडे, निघाला की हीच हवा त्याचा वास, रंग आणि चव बिघडवायला लागते. बरेच जण आंबवण मन लावून करतात, संत्र्याची साल निगुतीनं किसतात आणि शेवटी सगळं तपेल्यानं केगमध्ये ओततात. आठवड्याभरात त्या संत्र्याच्या वासाच्या जागी काहीतरी जुनाट, टर्पेंटाइनसारखं नाकात येतं. म्हणून या लेखात आंबवणीबद्दल थोडंच लिहितो. भर आहे तो बरणी ते केग या प्रवासावर.

केगमध्ये हवा जाऊ न देण्याची ही पद्धत मुळात परदेशातल्या घरगुती बिअर करणाऱ्यांची. बिअरमध्ये हॉप्स नावाच्या फुलांचा सुगंध ऑक्सिजनमुळे सगळ्यात आधी मरतो, त्यामुळे त्या लोकांनी या विषयाचा कीस काढला आहे. चांगल्या ब्रुअरीत भरलेल्या बिअरमधला ऑक्सिजन अब्जात किती भाग आहे, असा मोजतात. आपल्याकडे घरी बिअर करण्याचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि वर्धा आणि गडचिरोली हे तर पूर्ण दारूबंदीचे जिल्हे आहेत. कोम्बुचा हे सौम्य पेय. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं, त्यामुळे त्या रेषेच्या खाली राहणं आपली जबाबदारी. हवा काढून टाकण्याचा या रेषेशी थेट संबंध आहे, तो आधी समजून घेऊ.

हवा कुठपर्यंत हवी

बरणीत दोन प्रकारचे जीव काम करतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. त्यासाठी त्याला हवा लागत नाही. दुसरे अॅसेटिक आम्लाचे जिवाणू. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच अल्कोहोलचं आम्ल करतात. वरचा तो जाड थर, म्हणजे स्कोबी, हवेच्या कडेला बनतो तो याचमुळे. एक जण तयार करतो, दुसरा संपवतो, आणि म्हणून उघड्या बरणीत अल्कोहोल फारसं साठत नाही.

आता केग बंद करून आतली हवा काढली, की जिवाणूंचं काम थांबतं. यीस्टचं थांबत नाही. केग खोलीत तसाच ठेवला तर उरलेल्या साखरेचं अल्कोहोल होत राहणार आणि ते संपवणारं कोणी नाही. हिशोब साधा आहे: लिटरमागे ८ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल होतं. दहा लिटर कोम्बुचात एक लिटर संत्र्याचा रस घातला तर तेवढी साखर त्या रसातूनच येते. बरणीतली उरलेली साखर वेगळीच. म्हणून माझं ठाम मत असं, की केगमध्ये रस घालू नये, आणि भरलेला केग थंडच असला पाहिजे, ४ अंशांच्या आसपास. थंडीत यीस्ट जवळपास झोपतं. फ्रिज किंवा डीप फ्रीझरची सोय नसेल तर केगच्या वाटेला जाऊ नका. बरणीतूनच प्या, त्यात काही कमी नाही.

लोडशेडिंगचा प्रश्न इथेच येतो. पूर्ण भरलेला थंड केग गोणपाटात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवला, बाजूला पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या लावल्या आणि झाकण उघडलं नाही, तर काही तासांची वीज गेलेली निभते. दिवसभर जात असेल तर भरवसा धरू नये.

ऑक्सिजन येतो कुठून

नेहमीचा केग १९ लिटरचा असतो. रिकामा दिसतो, पण त्यात १९ लिटर हवा असते आणि त्या हवेत जवळपास ४ लिटर, म्हणजे ५ ग्रॅमच्या वर ऑक्सिजन. तुलनेसाठी: २५ अंशांना पाणी हवेतून भरपूर ऑक्सिजन शोषूनही लिटरला ८ मिलिग्रॅमच्या थोडं वर जात नाही, म्हणजे १९ लिटरला साधारण १६० मिलिग्रॅम. रिकाम्या केगमधल्या हवेत त्याच्या तीसपट माल पडून आहे. त्यामुळे पहिलं आणि सगळ्यात मोठं काम केग रिकामा करण्याचं, खराखुरा रिकामा.

दुसरी वाट म्हणजे ओतताना होणारा खळखळाट. धार उंचावरून पडली की बुडबुडे होतात, बुडबुड्यांमुळे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. थंड द्रव जास्त ऑक्सिजन धरतो. ४ अंशांना पाण्यात लिटरमागे १३ मिलिग्रॅमपर्यंत मावतो. म्हणजे कोम्बुचा थंड करून भरणं चांगलं, पण थंड कोम्बुचा ओतणं गरमपेक्षा वाईट.

तिसरी वाट नळीची. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत २८ मिलिलिटर हवा असते. ती आधी काढली नाही तर सरळ आत जाते. शिवाय वरून खाली द्रव येताना नळीत ओढ असते. जोड सैल असेल तर द्रव बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. नळीत सतत बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर समजायचं, जोड ढिला आहे.

आणखी एक, सिलिकॉनची नळी. मऊ असते, उकळता येते, सगळ्यांना आवडते. पण ऑक्सिजन तिच्यातून आरपार जातो. भरण्याच्या अर्ध्या तासापुरती चालेल. केगला कायम लावून ठेवायची नळी मात्र सिलिकॉनची नको.

मिलिग्रॅमच्या या आकड्यांना एवढं महत्त्व का, असं वाटेल. संत्र्याच्या सालीतलं सुगंधी तेल लिटरभर पेयात मिलिग्रॅममध्येच असतं. त्यातला मुख्य घटक लिमोनीन ऑक्सिजनशी मिळून वेगळ्याच वासाचे पदार्थ बनवतो. काही मिलिग्रॅम ऑक्सिजन त्याला पुरतो. आंबटपणाची गोष्ट निराळी. केगच्या वरच्या जागेत राहिलेल्या एकवेळच्या हवेतून १९ लिटरला फार तर ग्रॅमभराच्या आतबाहेर अॅसेटिक आम्ल होईल, आणि ते जिभेला कळणारही नाही. तेव्हा केगमधला कोम्बुचा दिवसेंदिवस आंबट होत असेल तर भरतानाच्या हवेला दोष देऊ नका. एक तर कुठून तरी हवा सतत आत जाते आहे, नाहीतर तो पुरेसा थंड नाही.

सामान आणि गॅस

केग स्टेनलेस स्टीलचा, बॉल-लॉक प्रकारचा घ्या. हे केग मुळात सोड्याच्या शीतपेयांचा पाक दुकानांपर्यंत पोचवायला बनले होते, बिअरवाल्यांनी ते नंतर उचलले. वापरलेले केग मिळतात, पण सगळ्या ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या, बदलाव्या लागतात, कारण जुन्या रबरात शीतपेयाचा वास मुरलेला असतो. केगला वर दोन पोस्ट, म्हणजे नळी जोडायची तोंडं, असतात. गॅसच्या पोस्टखाली आखूड नळी, द्रवाच्या पोस्टखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी. पोस्टवर बसणारा नळीचा जोड म्हणजे डिस्कनेक्ट. बहुतेक राखाडी गॅसचा आणि काळा द्रवाचा. अदलाबदल झाली तर बसतो, पण निघता निघत नाही.

गावात दुधाच्या स्टीलच्या कॅन सहज मिळतात आणि झाकणाला छिद्र पाडून तिचाच केग करू, असं डोक्यात येतं. कृपा करून करू नका. दुधाची कॅन दाबासाठी बनलेली नसते. झाकण उडालं तर माणूस जायबंदी होतो. केगला दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, झाकण आतून बसतं, आणि तो ९ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाबासाठी बनवलेला असतो. आपण २ बारच्या वर जात नाही.

कार्बन डायऑक्साइडसाठी तालुक्याच्या गावातल्या सोडावाल्याकडे जा. लग्नसराईत सोडा पुरवणाऱ्यांकडे सिलिंडर असतो आणि तो कुठून भरून आणायचा हेही त्यांना ठाऊक असतं. खाद्यदर्जाचाच गॅस मागा. वेल्डिंगच्या दुकानात कार्बन डायऑक्साइड मिळतो, स्वस्तही पडतो, पण त्या सिलिंडरमध्ये आधी काय होतं, आत तेल किंवा ओल आहे का, याची हमी कोणी देत नाही. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीही केगला जोडायचा नाही.

आपल्या उन्हाळ्यासाठी वेगळी सूचना. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० अंशांना आतला दाब ५७ बारच्या आसपास राहतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव म्हणून राहूच शकत नाही, आणि भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्यानं चढतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर आणखी. सिलिंडर सकाळी लवकर आणा, उभा ठेवा, भिंतीला साखळीनं बांधा, सावलीत ठेवा. केग भरताना दारं-खिडक्या उघडी हवीत. हा वायू खोलीत साठला तर डोकं जड होतं, श्वास लागतो, आणि त्याला वास नसल्यानं कळत नाही.

पण खरं सांगायचं तर मेमध्ये हा उद्योग करूच नये. कोम्बुचाला २४ ते ३० अंश मानवतात. दिवाळी ते होळी हा आपला मोसम, आणि नेमका तेव्हाच आंबिया आणि मग मृग बहाराचा संत्रा हाताशी असतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सालीच्या वासासाठीच ही सगळी खटपट.

आदल्या दिवशीची तयारी

बरणीत लिटरमागे ६० ते ७० ग्रॅम साखर, ५ ते ८ ग्रॅम चहा आणि दहावा हिस्सा जुना कोम्बुचा विरजण म्हणून घातला असेल तर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांत तो पिण्याजोगा होतो. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३ च्या आसपास आला की थांबवा. काचेची बरणी, आणि तळापासून चार बोटं वर स्टीलची तोटी असलेली मिळाली तर फारच छान. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम यांपैकी काहीही या आम्लाला लागू देऊ नका.

आदल्या संध्याकाळी स्कोबी स्वच्छ हातानं उचलून वेगळ्या भांड्यात थोड्या कोम्बुचात ठेवून द्या. संत्र्याच्या सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसणीवर किसा. पांढरा भाग आणि बिया आल्या तर लिमोनिनमुळे (हा वरच्या सुगंधी लिमोनीनहून वेगळा पदार्थ) कडूपणा येतो, आणि तो लगेच न येता मागून येतो, त्यामुळे चाखून कळत नाही. कीस आणि हवं तर ठेचलेलं आलं मलमलच्या उकळून घेतलेल्या पुरचुंडीत बांधा, बरणीत सोडा, झाकण लावा आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभरात वास उतरतो, यीस्ट तळाशी बसतं आणि पेय थंड होतं.

पुरचुंडी केगमध्येच टाकावी, असं काही जण सांगतात. कापड आणि कीस यांच्यात हवा अडकून बसते, ती काढायला केग पुन्हा पुन्हा दाबानं भरून सोडावा लागतो. शिवाय कण द्रवाच्या पोस्टमध्ये अडकतात. बरणीतच काम उरकलेलं बरं. सकाळी पुरचुंडी पिळू नका, तशीच उचला.

केगमधली हवा काढणं

केगचं प्रत्येक अंग सोडवून धुवा. पोस्ट, त्यातल्या स्प्रिंगा, लांब नळी, झाकण, ओ-रिंगा. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं पाणी स्टीलला खड्डे पाडतं, ते टाळा. निर्जंतुकीकरणासाठी डेअरीत वापरतात तसं आयोडीनचं किंवा पेरॅसेटिक आम्लाचं द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात चालतं. काहीच मिळत नसेल तर उकळीजवळचं पाणी भरून वीस मिनिटं ठेवा. मात्र गरम पाणी आत असताना केग घट्ट बंद करून थंड होऊ देऊ नका, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा फटीतून ओढली जाते.

आता हवा काढण्याच्या दोन रीती.

पहिली म्हणजे दाब भरायचा आणि सोडायचा. गॅस जोडून २ बारपर्यंत, म्हणजे साधारण ३० पीएसआय, दाब आणा आणि व्हॉल्व्ह ओढून सोडा. दर वेळी आतला ऑक्सिजन एक तृतीयांश होतो. २१ टक्क्यांचे ७, मग २.३, असं करत पाचव्या वेळी ०.०९ टक्के उरतो, दहाव्या वेळी नगण्य. पण प्रत्येक वेळी ७० ग्रॅमच्या आसपास गॅस हवेत जातो. दहा वेळांत जवळपास ७०० ग्रॅम. सिलिंडर भरायला तालुक्याला किंवा नागपूर-अमरावतीला जावं लागत असेल तर हे परवडत नाही.

दुसरी रीत पाण्याची, आणि मी तीच करायला सांगेन. केग काठोकाठ पाण्यानं किंवा निर्जंतुक द्रावणानं भरायचा, म्हणजे हवेला जागाच राहत नाही, आणि मग ते पाणी गॅसनं ढकलून बाहेर काढायचं. पाणी गेलं, त्याची जागा फक्त गॅसनं घेतली. यात ४०-४५ ग्रॅम गॅस लागतो. कार्बोनेशन, म्हणजे पेयात वायू मुरवणं, आणि पुढे प्यायला काढणं धरून एका केगला साधारण सव्वादोनशे ग्रॅम. म्हणजे ५ किलोचा सिलिंडर वीसेक केगना पुरतो. पहिल्या रीतीनं तोच सहा केगमध्ये आटोपतो.

यात खोच एकच आहे: काठोकाठ म्हणजे खरंच काठोकाठ. गॅसच्या पोस्टखालची आखूड नळी केगमध्ये बोटभर उतरलेली असते, त्यामुळे तिच्यापेक्षा वर हवेचा एक कप्पा राहतो. झाकण बसवलं की केग असा कलता धरा की दाब सोडणारा व्हॉल्व्ह सगळ्यात उंच येईल. व्हॉल्व्ह उघडा ठेवून द्रवाच्या पोस्टमधून आणखी पाणी चढवा, व्हॉल्व्हमधून बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत. मग गॅसचा पोस्ट वर येईल असा कलवून पुन्हा तेच. पाणी उकळून थंड केलेलं असेल तर उत्तम, उकळल्यानं त्यातला विरघळलेला ऑक्सिजनही निघून जातो.

मग गॅस जोडा, दाब ०.३ ते ०.५ बार, आणि काळा डिस्कनेक्ट लावून नळी स्वच्छ बादलीत सोडा. पाणी संपून नळीतून गॅस फुसफुसला की डिस्कनेक्ट काढा. १९ लिटर पाणी आपल्याकडे फेब्रुवारीनंतर सांडायची वस्तू नाही. द्रावण असेल तर तेच दुसऱ्या केगला वापरता येतं, साधं पाणी झाडांना जातं.

शेवटी दाब २ बारपर्यंत नेऊन झाकणाच्या आणि पोस्टच्या कडेनं साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर ओ-रिंगला खाद्यदर्जाचं ग्रीस लावून पुन्हा बसवा. कमी दाबावर झाकणाची रिंग नीट बसत नाही, म्हणून हा मोठा दाब एकदा द्यावाच लागतो. नंतर दाब थोडाच ठेवा, अर्ध्या बारच्या आत.

कोणी सांगेल, एवढं कशाला, कार्बन डायऑक्साइड जड आहे, तळाशी थोडा सोडला की पांघरुणासारखा पसरतो आणि हवा वर ढकलतो. तसं होत नाही. वायू एकमेकांत मिसळतात, आणि नुसतं ओतताना होणाऱ्या हालचालीनं ते आणखी भराभर मिसळतात. जळती काडी आत धरून विझते का बघणंही फसवं आहे. ऑक्सिजन २१ वरून १५ टक्क्यांवर आला तरी काडी विझते, आणि आपल्याला तो शून्याजवळ न्यायचा आहे.

भरण

फ्रिजमधून बरणी अलगद उचलून ओट्यावर ठेवा, केग खाली जमिनीवर. ओटा अडीच-पावणेतीन फूट असतो आणि केग दोन फुटांच्या थोडा वर, त्यामुळे उतार पुरतो. बरणीखाली पाट घातला तर धार आणखी बरी. बरणी हलली असेल तर अर्धा तास तशीच राहू द्या, गाळ परत बसू दे. तोटी नसेल तर सायफनची नळी वापरा, टोक तळापासून चार बोटं वर. तोंडानं ओढून सायफन सुरू करू नका. नळी उकळलेल्या पाण्यानं भरून घ्या, दोन्ही टोकं बोटांनी दाबून एक टोक बरणीत बुडवा आणि दुसऱ्या टोकातून पहिला ग्लासभर वेगळा काढून टाका. मग ते टोक चिमट्यानं बंद करा.

तोटी असेल तर नळीतली हवा काढायला केगमधलाच गॅस वापरा. काळा डिस्कनेक्ट केगवर लावा. आतल्या थोड्या दाबानं गॅस लांब नळीतून वर येऊन आपल्या नळीच्या मोकळ्या टोकातून वाहू लागेल. दहा-पंधरा सेकंद वाहू द्या. वाहत असतानाच ते टोक बंद तोटीवर चढवा आणि क्लिप आवळा. तोटीच्या तोंडाशी थेंबभर हवा राहील, तेवढं सोडा.

तोटी लगेच उघडू नका. आत दाब असेल तर गॅस उलटा बरणीत जाऊन सगळा गाळ उसळवतो. आधी राखाडी डिस्कनेक्ट लावा, त्याला एक नळी जोडा आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बोटाच्या पेराइतकं बुडवा. केगचा जास्तीचा दाब बुडबुड्यांतून निघून जाईल. बुडबुडे थांबले की तोटी उघडा. सायफन असेल तर चिमटा काढण्याआधी त्याचं टोक काळ्या डिस्कनेक्टला जोडा, क्रम तोच.

आता कोम्बुचा लांब नळीतून केगच्या तळाशी उतरतो आणि खालून वर चढतो. जेवढा द्रव आत, तेवढा गॅस ग्लासातून बाहेर. ग्लासातले बुडबुडे हेच तुमचं घड्याळ. ते संथ पण सलग यायला हवेत. अचानक थांबले तर द्रवाच्या पोस्टमध्ये काहीतरी अडकलंय. तोटी बंद करा, काळा डिस्कनेक्ट काढून परत लावा, बहुधा कण सुटतो. नाही सुटला तर दाब पूर्ण सोडून पोस्ट उघडावा लागतो, आणि मग केगला पुन्हा दाब भरून सोडण्याच्या चार-पाच फेऱ्या द्याव्या लागतात. गाळ बसू देण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

केग किती भरला हे बाहेरून दिसत नाही. पावसाळी हवेत थंड द्रवाच्या उंचीपर्यंत दव धरतं, आपल्या कोरड्या दिवसांत ते पुसट असतं. हात फिरवून थंडपणा कुठवर आहे ते कळतं. पण सगळ्यात पक्कं म्हणजे धान्य मोजायचा काटा. रिकाम्या केगचं वजन आधी लिहून ठेवा आणि १८ किलो वाढलं की थांबा. बरणी लहान असेल तर एका केगला दोन बरण्या लागतील. पहिली संपत आली की तोटी बंद करा, नळी दुसऱ्या बरणीला लावताना पुन्हा केगच्या गॅसनं फुंकून घ्या.

बरणीतली पातळी तोटीच्या जवळ आली की थांबायचं. पातळी तोटीखाली गेली की पुढची घोटभर हवा सरळ केगमध्ये जाते आणि आतापर्यंतचं सगळं काम वाया. खाली राहिलेला लिटर-दीड लिटर वाया जात नाही. तोच पुढच्या घाण्याचं विरजण, आणि त्याला तर यीस्ट हवंच असतं.

भरल्यानंतर

काळा डिस्कनेक्ट काढा, मग राखाडी. गॅस जोडून १ बार दाब द्या, व्हॉल्व्ह ओढून सोडा, असं चार-पाच वेळा. वरच्या लिटरभर जागेत चुकून आलेली हवा यानं पातळ होते. केग फ्रिजमध्ये, ४ अंशांना, ०.८ बार म्हणजे १२ पीएसआय दाबावर आठवडाभर जोडून ठेवा. यानं अडीच पट कार्बोनेशन होतं, म्हणजे एक लिटर पेयात अडीच लिटर वायू मुरतो. जास्त झिणझिणीत हवं असेल तर १७ पीएसआयपर्यंत जा. जोरानं हलवून घाई करता येते, पण गाळ उठतो, आणि आठवडाभर थांबण्यात काही तोटा नाही.

झाकण उघडून आत डोकावण्याचा मोह होतो. उघडू नका. चव बघायची तर नळावरून ग्लासभर काढा. पहिला ग्लास गढूळच येतो, तो बाजूला ठेवा.

काही दिवसांनी नळाची धार अडखळायला लागली आणि ग्लासात चिकट पापुद्रे आले, तर वरच्या जागेत ऑक्सिजन आहे आणि तिथे नवी स्कोबी धरते आहे. बहुतेक वेळा झाकणाच्या रिंगेत किंवा गॅसच्या पोस्टमध्ये गळती सापडते. गॅसचा सिलिंडर हिशोबापेक्षा लवकर संपतोय, ही त्याच गळतीची दुसरी खूण. वास गेला, पण पापुद्रा नाही आणि आंबटपणाही तोच, तर भरतानाची हवा नडली: नळी फुंकली नव्हती किंवा केग काठोकाठ भरला नव्हता. आंबटपणा किंवा जोर वाढत चाललाय आणि ग्लासात फेस नुसता उसळतोय, तर थर्मामीटर फ्रिजमधल्या पाण्याच्या ग्लासात ठेवून तापमान बघा. फ्रिजच्या दारावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. असा केग आधी दाब सोडून थंड करा, आणि लहान मुलं, गरोदर बाई किंवा दारू वर्ज्य असलेल्या पाहुण्यांना त्यातलं देऊ नका.

केग रिकामा झाला की दाब पूर्ण सोडून मगच झाकण उघडा, आणि त्याच दिवशी धुवा. दुसऱ्या केगसाठी कोम्बुचा तयार असेल तर आणखी सोपं: धुतलेला केग द्रावणानं भरून, गॅसनं ढकलून, थोड्या दाबाखाली बंद करून ठेवा. तो आठवडाभर तसाच तयार राहतो, फक्त भरण्याच्या सकाळी व्हॉल्व्ह क्षणभर ओढून दाब अजून आहे ना, एवढं बघा. फुस्स आवाज आला नाही तर गळती शोधा आणि पाण्यापासून पुन्हा सुरुवात करा.